घोडी सापडली का?

११ फेब्रुवारी, शनिवार

लायब्ररीवाल्या बाई म्हणाल्या, घरी रोज दोन ओळी इंग्रजीत लिहीत जा, हात वळेल. येताना वही घेतली. दोन ओळी लिहूनही झाल्या. आज शनिवार आहे. मी शिवणकाम करते. पुढे मनात जे होतं ते काही इंग्रजीत उतरेना, म्हणून हे आपल्या भाषेत लिहिते आहे. बाईंना कुठे दाखवायचंय!

हॉस्पिटलच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की समोरच लायब्ररी. ‘मोठ्या माणसांसाठी इंग्रजी वाचनगट’ ही पाटी मी जाता-येता नुसती वाचत होते. आज आत गेले. लांब टेबल, वर पंखा, आम्ही दहाजण आणि पुस्तकं पाच. कुठलीशी शाळा बंद पडली आणि तिच्या कपाटातल्या एकाच गोष्टीच्या पाच प्रती इथे आल्या, म्हणून तीच वाचायची. एका म्हाताऱ्याची आणि त्याच्या घोडीची गोष्ट आहे.

पद्धत अशी की दोघांत एक पुस्तक. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ओळीखाली पट्टी धरायची. वाचणारा अडला तर शब्द सांगायचा नाही. पट्टी तिथेच धरून थांबायचं. पुस्तक घरी न्यायचं नाही, आणि पुढचं पान चोरून वाचायचं नाही.

माझ्या वाट्याला कंडक्टरबाई आल्या. उभी नोकरी बसमध्ये गेलेली. मी पहिल्याच ओळीत अडखळले, तशी त्यांनी पट्टी खाली ओढली आणि म्हणाल्या, “चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!”

सगळे हसले. बाई म्हणाल्या, “थांबायचं असतं हो.”

“थांबा आला की थांबते की!”

मग बाईंनी एकेकाला विचारलं, कशासाठी शिकायचंय. कंडक्टरबाई म्हणाल्या, “घरात सून मला बोलू देत नाही, निदान इथे तरी तोंड चालेल.” माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, कामासाठी. हॉस्पिटलच्या शिवणखोलीत फाटक्या चादरींना ठिगळं लावायला इंग्रजी कशाला लागतं, हे सुदैवाने कुणी विचारलं नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार

खरं कारण वहीत लिहायला काय हरकत आहे?

धाकटीला जन्म मी दिला, वाढवलं वन्संनी. ह्यांच्या थोरल्या बहिणीला मूल नव्हतं, माझ्या पदरात आधीचा मुलगा होता. सासूबाईंनी शब्द टाकला, सगळ्यांचं ठरलं, मीही मान डोलावली. दूध सुटायच्या आत वन्सं तिला घेऊन परदेशी गेल्या. लपवाछपवी कुणी केली नाही. तिला सगळं माहीत आहे. एकोणीस वर्षांची आहे आता, आणि मला मामी म्हणते. मामी, मामा, पाणी, पुरे. आपल्या भाषेतली तिची पुंजी एवढीच.

आज नेहमीसारखा फोन आला. ती बोलायला लागली. मध्येच हसली, मध्येच आवाज अगदी खाली गेला, मग दोन्ही हातांनी कसला तरी आकार करून दाखवला. मी वन्संना विचारलं, “काय म्हणते?”

“बरी आहे म्हणते.”

“एवढा वेळ बोलत होती, आणि बरी आहे एवढंच?”

“अगं, कॉलेजचं असतं काहीबाही. तुला काय कळणार त्यातलं!”

एप्रिलमध्ये दोघी आठवड्याभरासाठी येणार आहेत. तिच्याशी एकदा, मध्ये कुणी नसताना बोलायचं आहे. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.

हे फोनसमोर येत नाहीत. रविवार असला तरी मोरीत उभे राहून रंगाचे ब्रश धूत बसतात. आज तर किती वेळ पाणी वाहत होतं. दगड आहे माणूस.

१८ फेब्रुवारी, शनिवार

पुठ्ठ्याच्या पट्ट्या कडांना झिजल्या होत्या. मी बकरमच्या कडक तुकड्यांवर चादरीचं पांढरं कापड चढवून दहा पट्ट्या शिवून नेल्या. बाई खूश झाल्या. कंडक्टरबाई म्हणाल्या, “हिच्या हाताला काम आहे, तोंडाला ब्रेक आहे.”

गोष्ट अशी की थंडीत चारा संपला म्हणून म्हातारा घोडी एका व्यापाऱ्याला देऊन टाकतो. बर्फ वितळल्यावर तिला शोधायला निघतो. गावोगाव, फाटकाफाटकाशी उभा राहून विचारतो, एका कानावर पांढरा ठिपका असलेली घोडी पाहिलीत का? मला त्याचा रागच आला. मी बोलूनही दाखवलं. आपल्या हाताने दिली ना? मग आता कशाला ही वणवण?

“अहो, घोडी आहे ती,” कंडक्टरबाई म्हणाल्या. “तिकीट आहे का, फाडून दिलं की संपलं?”

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, काय वाचता तिथे? मी सांगितलं. हे तोंड पुसत होते. टॉवेल दोरीवर टाकत म्हणाले, “मग? सापडली का?”

“आत्ता कुठे निघालाय तो!”

“बरं,” म्हणाले.

११ मार्च, शनिवार

आता एक पान सलग वाचता येतं. फक्त शब्द सगळे घोडीचे. खूर, खोगीर, लगाम, गवताची गंजी, नाल, तबेला. परवा शिवणखोलीत इस्त्री करताना मनात वाक्यं जुळवून पाहिली. ‘घोडीला पाणी पाजून बांधून ठेवा’ हे मी आता इंग्रजीत झोपेतही म्हणेन. ‘अजून एक पांघरूण देऊ का’ हे येत नाही. म्हातारा एकतर उघड्यावर झोपतो नाहीतर गवतात. त्याला कोण पांघरूण विचारणार?

ह्यांनी घरी आल्याआल्या विचारलं, सापडली का? दर शनिवारी हेच. मुलाचा फोन आला तर चार शब्द बोलत नाहीत, आणि घोडीची एवढी चौकशी.

२८ मार्च, मंगळवार

ह्यांनी मागची खोली रंगवायला घेतली आहे. दुसऱ्यांची घरं रंगवण्यात जन्म गेला, आमच्या भिंतींना कधी हात लागला नव्हता. आधी फिकट पिवळा दिला. कोरडा झाल्यावर म्हणाले, डोळ्यांवर येतो. त्यावर निळा मारला. आज तो खरवडत होते. मी म्हटलं, “आठ दिवसांची पाहुणी, तिला काय रंग दिसणार आहे?” हे खरवडतच राहिले. शेवटी ढगासारखा एक करडा-पांढरा काढला आहे. फुकटचा उपद्व्याप.

वन्संचा फोन मधल्या वारीच आला, एकटीचाच.

“इंग्रजी शिकतेस म्हणे. कशाला गं त्रास करून घेतेस? मी आहे ना सांगायला.”

“सहज हो, वन्सं. वेळ जातो.”

“काय बोलणार आहेस तिच्याशी?”

“काही नाही.”

थोडं इकडचं तिकडचं झालं. फोन ठेवता ठेवता पुन्हा, “पण काय बोलणार आहेस?”

टोमणाच होता तो. मला नाही का कळत!

८ एप्रिल, शनिवार

आज वाचन संपल्यावर कंडक्टरबाईंनी टपरीवर चहा पाजला. म्हणाल्या, “आता खरं सांगा. कामासाठी कुणी एवढं जिवावर उदार होऊन वाचत नाही.” मी सांगून टाकलं. सगळं. त्या ऐकत होत्या आणि कपातल्या चहावर साय धरत होती. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मग म्हणाल्या, “चला वर. एक पान परत वाचू.”

लायब्ररी बंद व्हायला थोडा अवकाश होता. मी वाचलं. एका शब्दापाशी अडले, मागे गेले, पुन्हा अडले. पट्टी हलली नाही. मी वर पाहिलं. कंडक्टरबाई डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून बसल्या होत्या, जसं काही त्यांचा दात काढताहेत. मला शब्द सापडला तशा “हुश्श!” म्हणाल्या.

१६ एप्रिल, रविवार

आली.

फोनमध्ये दिसते त्याहून उंच आहे. थोरल्याहूनही उंच असेल. दारात पाठीवर पिशवी घेऊन उभी राहिली आणि मी पाठ केलेली सगळी वाक्यं कावळे उडावेत तशी उडाली. वन्सं काहीतरी सांगत होत्या, टॅक्सीवाल्याबद्दल. ती माझ्याकडे बघत होती. आणि माझ्या तोंडून निघालं, “यू हॅव कम अ लाँग वे. रेस्ट नाऊ.”

फार लांबून आलीस. आता विसावा घे.

तिने पिशवी खाली ठेवली. वन्सं बोलायच्या थांबल्या.

मग मला आठवलं हे वाक्य कुठलं ते. मुक्कामाच्या सराईतला माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी दमलेल्या घोडीच्या मानेवर थोपटून म्हणतो. एकोणीस वर्षांनी पोर दारात आली आणि मी तिला घोडीचं वाक्य ऐकवलं! कानापर्यंत तापले.

ह्यांनी पिशवी उचलली, मागच्या खोलीत नेली, स्वतः दिवा लावला. तिने भिंतीला तळहात लावला आणि बरंच काही बोलली. वन्सं म्हणाल्या, “रंग छान आहे म्हणते.” हे बाहेर आले आणि मोरीत जाऊन धुतलेलाच ब्रश पुन्हा धुवायला लागले.

१८ एप्रिल, मंगळवार

वन्सं आमच्या दोघींच्या मध्येच बसतात. जेवताना, गॅलरीत, टॅक्सीतसुद्धा. काल वळवाचा पाऊस पडून गारठा आला. संध्याकाळी मी धीर करून तिला थेट विचारलं, “आर यू कोल्ड?” हे आता येतं, बाईंना विचारून घेतलं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, “नाही गं, तिला उकडतंच नेहमी.” मी पांघरूण परत कपाटात ठेवलं.

आज सकाळी चहा घेऊन गेले तर पोर अंगावरचा कोट पांघरून, गुडघे पोटाशी घेऊन झोपली होती. कपाटातून गोधडी आणून घातली. मग तिथेच उभी राहिले. झोपेत तिचा खालचा ओठ थोडा पुढे येतो. ह्यांचाही येतो.

वन्सं दारात कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. मीच चोरी पकडली गेल्यासारखी कप उचलून बाहेर आले.

२० एप्रिल, गुरुवार

दुपारी वन्सं आणि मी धुतलेले कपडे घड्या करत होतो. चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. लग्न होऊन आले तेव्हा ह्याच वन्संनी मला चादरीची घडी घालायला शिकवली होती.

“लहानपणी ताप आला की फक्त माझ्या हातून औषध घ्यायची,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे. तुम्ही सांगितलं होतं.”

“डॉक्टरसुद्धा बाहेर जायचे आणि मला आत पाठवायचे.”

“हो, तेही.”

आम्ही चादर जुळवायला जवळ आलो. त्यांच्या कपाळावर आठी होती. म्हणाल्या, “तू दारात तिला जे म्हणालीस ना त्या दिवशी, ते कुणी शिकवलं?”

“पुस्तकात होतं.” घोडीचं मी काही सांगितलं नाही.

“हं.” त्यांनी घडी मांडीवर घेऊन दाबून दाबून सपाट केली. “शनिवारी तुझं ते लायब्ररीचं असतं ना? तिला घेऊन जा.”

“आणि तुम्ही?”

“शनिवारी माझं डोकं दुखणार आहे.”

डोकं दुखणार हे दोन दिवस आधी कसं कळतं कुणाला? रुसल्या आहेत बहुतेक. माझं काय चुकलं ते शोधत बसले आहे.

२२ एप्रिल, शनिवार

घरी येऊन आधी वही उघडली.

आम्ही पोचलो तेव्हा कंडक्टरबाई आमच्या खुर्च्यांपाशी उभ्या होत्या. आपल्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवला होता. “ही सीट राखीव आहे,” म्हणाल्या, तिला दंडाला धरून बसवलं आणि स्वतः टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. बाईंनी तिला पद्धत समजावली. मी तिच्या हातात पट्टी दिली.

पुस्तक एकच, त्यामुळे खुर्च्या जवळ ओढाव्या लागतात. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला. तो तिने काढला नाही. तिच्या केसांना कसलासा गोड साबणाचा वास होता. मला पहिली ओळ दिसेचना.

पान अगदीच साधं होतं आज. म्हाताऱ्याच्या गाडीचं चाक मोडतं आणि तो लोहाराकडे बसून राहतो, बस. मी वाचायला लागले. चौथ्या-पाचव्या ओळीत अडले. मोठा शब्द होता. सवयीने तिच्या ओठांकडे बघितलं, आता सांगेल म्हणून. तिला तो येतच होता, तिची भाषा ती. ती माझ्याकडे बघत नव्हती. पट्टीकडे बघत होती. पट्टीची कड अंगठ्याने दाबून धरली होती, नखावर निळा रंग अर्धा उडालेला. मी एकदा तोडून पाहिलं, जमलं नाही. टेबलाभोवतीचे बाकीचे त्यांच्या त्यांच्या जागी थांबले होते. पंखा फिरत होता. ती थांबली होती. कुठे जायची घाई नसल्यासारखी थांबली होती.

आपल्यासाठी कुणी इतकं थांबलेलं मला आठवत नाही.

शब्द आला. तिने पट्टी एक ओळ खाली घेतली.

वाचन संपल्यावर कंडक्टरबाई तोडक्यामोडक्या इंग्रजीत तिच्याशी बोलायला लागल्या. त्या बोलल्या की कुणाला अडवता येत नाही. तिने त्यांना सांगितलं, मामी मला दारात काय म्हणाली ते. कंडक्टरबाईंनी टेबलावर थाप मारली, “अहो, ते घोडीला म्हटलंय!” मग तेच तिला इंग्रजीत. सगळा गट हसून लोटपोट. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तीही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता तिने माझ्या दंडावर कपाळ टेकवलं. क्षणभरच.

घरी चालत आलो. टॅक्सी मी केलीच नाही, जाणूनबुजून. ती हळू, तोडून तोडून बोलत होती, मला कळावं म्हणून. मी काही कळलं की मान हलवत होते, न कळलं तरी हलवत होते. कोपऱ्यावर आल्यावर तिने विचारलं, मामी, ती घोडी सापडते का त्याला?

अगदी ह्यांचाच प्रश्न! मला हसू आलं. मी म्हटलं, आय डोंट नो. आम्ही पुढचं वाचत नाही.

मग दर शनिवारी मला सांग, ती म्हणाली. तू वाच. मी ऐकेन.

हे मला पूर्ण कळलं. एकही शब्द न सुटता.

२४ एप्रिल, सोमवार

गेल्या दोघी. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. ती “मामा,” म्हणाली. मला “मामी,” म्हणाली. आणखी काही म्हणेल असं मला का वाटलं होतं कोण जाणे. म्हणाली नाही. म्हणू नयेच.

टॅक्सीत बसताना ती वन्संच्या कानात काहीतरी बोलली. वन्सं काच खाली करून म्हणाल्या, “तुझं वाचन चांगलं आहे म्हणते.”

“एवढंच म्हणाली?”

“नाही,” वन्सं म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल होते, प्रवासाच्या दगदगीने असतील. “बाकीचं ती सांगेल तुला.”

मागच्या खोलीत गोधडी पायथ्याशी घडी करून ठेवलेली. वन्सं घालतात तशीच घडी, कडेला कड. मी ती मोडली नाही.

६ मे, शनिवार

गेल्या शनिवारी तिची परीक्षा होती, म्हणून आज पहिल्यांदा.

बाईंनी नियम मोडून एक प्रत घरी नेऊ दिली, पुढचं पान उघडणार नाही ही शपथ माझ्याकडून घेऊन. कंडक्टरबाई म्हणाल्या, “सकाळचं शिळं पान संध्याकाळी गरम करून वाढा लेकीला.” लेकीला म्हणाल्या. सगळ्यांसमोर.

फोन आला. पडद्यावर ती एकटीच. मी विचारलं, आई कुठे? फिरायला गेली, म्हणाली. शनिवारी या वेळी ती आता फिरायला जाणार आहे, दर आठवड्याला. मागे खिडकीत पाऊस दिसत होता. अशा पावसात फिरायला? काय बाई एकेक तऱ्हा.

मी पुस्तक टेबलावर उघडलं. एका हातात फोन, दुसऱ्याने पान दाबलेलं, पट्टी धरायला तिसरा हात कुठून आणू? पट्टी सारखी घसरत होती. ओळ सुटली, पुन्हा शोधली, पुन्हा सुटली. तेवढ्यात मोरीतलं पाणी बंद झालं. हे आले, हात विजारीला पुसले, खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. फोनकडे पाहिलं नाही. पट्टीवर बोट ठेवलं.

ह्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. म्हणून मी ओळ संपली की कोपराने ढोसत होते आणि हे पट्टी एक ओळ खाली घेत होते.

म्हातारा आज पुन्हा एका फाटकाशी उभा आहे. आत कुत्रं भुंकतं आहे, कुणी बाहेर येत नाही. तिथे एक शब्द आला, सकाळीही मला ह्यानेच अडवलं होतं. मी थांबले. तिकडे ती गप्प होती, खिडकीवरचा पाऊस ऐकू येत होता. इकडे ह्यांचा अंगठा पट्टीवर, नखाच्या कडेला मागच्या खोलीचा करडा-पांढरा रंग अजून निघालेला नाही.

मला शब्द सापडेपर्यंत दोघांपैकी कुणीही हललं नाही.